लाल चावी

मिस्तरीला नाव होतं, पण ते पगाराच्या दिवसापुरतं. एरवी नदीच्या दोन्ही काठांवर, चहावाल्यापासून फेरीच्या कंपनीतल्या मोठ्या साहेबापर्यंत, सगळे त्याला मिस्तरीच म्हणत. त्यालाही ते आवडायचं. कुणी नावाने हाक मारली, तर हा आधी मागे वळून कोणाला हाक मारली ते बघायचा.

सबंध हयात त्याने फेरीबोटीच्या पोटात काढली. मिसरूड फुटायच्या आत इंजिन पुसायला लागला, मग तेल घालायला लागला, आणि जुना मिस्तरी डोळ्यांनी अधू झाला तेव्हा पाना याच्या हातात आला. डिझेलचं ते इंजिन म्हणजे एक खाष्ट म्हातारी होती. सकाळी खोकल्याशिवाय उठायची नाही, आणि एकदा उठली की दिवसभर दणदण करून सगळ्यांचं डोकं उठवायची. मिस्तरीचा डावा कान म्हातारीच्या बाजूला असे, त्यामुळे तो लवकरच गेला. बहिऱ्या माणसासारखा हाही मग तारस्वरात बोलायला लागला. बायको म्हणायची, "अहो, तुम्ही कानात सांगितलेलं चार घरांना कळतं. जरा हळू." कपड्यांना डिझेलचा वास कायमचा. त्यावरही तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "तुमचा शर्ट धुवायला टाकू की चुलीत घालू?"

त्याचा धाकटा भाऊ त्याच बोटीवर होता. त्याला सगळे बुड्या म्हणत, कारण बुडी मारणं हेच त्याचं काम. तसा तो धक्क्याला दोर बांधायचा, फळी टाकायचा, म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात देऊन चढवायचा. पण नदीत फाटक्या जाळ्यांना आणि प्लास्टिकच्या दोऱ्यांना तोटा नव्हता, आणि ते सगळं बोटीच्या पंख्यात येऊन अडकायचं. मग बुड्या कमरेला दोर बांधायचा, हातात सुरी घ्यायचा आणि बोटीच्या मागून पाण्यात उतरून पंखा मोकळा करायचा.

या कामाची दोघा भावांची एक रीत होती. जाळं अडकलं की मिस्तरी इंजिन बंद करी. दणदण थांबली की बुड्या पाण्यात जाई. "बंद केलंस का?" असं त्याने कधी विचारलं नाही, आणि "केलं रे" असं याने कधी सांगितलं नाही. सांगायचंय काय त्यात? म्हातारी गप्प झाली की अख्ख्या नदीला कळायचं. धाकटा पाण्याखाली असेपर्यंत मिस्तरी इंजिनासमोर पाय पसरून बसायचा. मोठा साहेब आला असता तरी त्याने त्या वेळी कोणाला इंजिनाजवळ फिरकू दिलं नसतं. बुड्या वर आला, ओल्या हाताने बोटीच्या लाकडावर थाप मारली, की मग हा उठायचा.

दोघांची घरंही एकाला एक लागून होती. मधल्या भिंतीत स्वयंपाकघरांच्या मध्ये एक छोटी खिडकी पाडलेली होती. त्यातून दोघी जावांच्या वाट्या इकडून तिकडे जायच्या, साखर जायची, भांडणंही जायची आणि अर्ध्या तासात परतही यायची.

मग विजेची बोट आली.

ती यायच्या आधीच धक्क्यावर सुतकी कळा पसरली होती. डिझेलची टाकी उखडली, टाकीवरचा माणूस घरी गेला. तेलवाले दोघे घरी गेले. मिस्तरी एकच ठेवायचा असं ठरलं, आणि दुसऱ्या बोटीवरचा मिस्तरी याच्याहून तरुण होता. याला रात्र रात्र झोप लागेना. इंजिनाच्या खोलीबाहेर आपण कोण, हा प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदाच पडला होता, आणि उत्तर काही बरं येत नव्हतं. शेवटी कंपनीने याला ठेवलं, बुड्यालाही ठेवलं. मिस्तरीने त्या दिवशी धक्क्यावरच्या सगळ्यांना चहा पाजला. ज्यांना घरी पाठवलं होतं त्यांनीही तो प्यायला, हे मात्र मला आजही कळत नाही.

शिकवायला एक बाई आल्या. मिस्तरीच्या मुलीच्या वयाच्या, पण बोलणं स्पष्ट आणि मुद्द्याचं. त्यांनी बोटीवरच्या सगळ्यांना समोर बसवलं आणि सांगितलं, "डिझेलचं इंजिन बंद केलं की आवाज जातो, सगळ्यांना कळतं. हिचा घोळ असा आहे की ही उभी असतानाही जागी असते. आवाज नाही म्हणजे बंद आहे, असं हिच्या बाबतीत कधीही धरायचं नाही." मग त्यांनी खालच्या खोलीतला लाल खटका दाखवला. त्यात एक लाल चावी. ती फिरवून बाहेर काढली की मोटारीची वीज तुटते, मग वर कप्तानाने कितीही दांडा ओढला तरी पंखा हलायचा नाही. "जो पाण्यात उतरणार, त्याने आधी चावी मागायची. ती स्वतःच्या गळ्यात घालायची. मगच पाण्यात. चावी मागितल्याशिवाय कोणीही उतरायचं नाही." हे त्यांनी शाळेतल्या पाढ्यासारखं सगळ्यांकडून मोठ्याने वदवून घेतलं.

नंतर गप्पा निघाल्या तेव्हा त्यांनी पुढचंही सांगितलं. ही नदी ओलांडायला बॅटरी पुरते. पण थेट समुद्रापर्यंतच्या लांबच्या फेरीला तेवढ्या बॅटऱ्या भरल्या, तर माणसं कुठे बसवणार? तिथे हायड्रोजन येणार. मोठ्या ट्रकांनाही तोच येणार. टाकीत गॅस, त्याची बोटीतच वीज होते, आणि बाहेर पडतं ते नुसतं पाणी.

"म्हणजे पाण्यावर बसायचं आणि पाणीच सोडायचं?" बुड्या म्हणाला. "बाई, आमचं धाकटं पोर गेलं वर्षभर हेच करतंय. त्याला कोणी नवं म्हटलं नाही."

सगळे हसले, बाईसुद्धा हसल्या. मिस्तरी सगळ्यात मोठ्याने हसला.

खरं सांगायचं तर बोट चांगली होती. उगाच कशाला नावं ठेवायची? नदीवरचा तेलाचा तवंग गेला. उतारूंचे कपडे धुराने काळे होईनात. माणसं बोटीत बसून चक्क हळू आवाजात बोलायला लागली. जे कोणी म्हणतात की नव्याने सगळा घात केला, त्यांना मी विचारतो, नव्याने काय केलं? त्याने तर पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

घात मिस्तरीच्या मनात चालू झाला होता. खालच्या खोलीत आता म्हातारी नव्हती. तिथे राखाडी कपाटं होती, एक पडदा होता, त्यावर आकडे होते. आकडे हिरवे असले की काही करायचं नाही, पिवळे झाले की वरच्या साहेबाला फोन करायचा. हातात पाना नाही. शर्टाला वास नाही. बायकोचं ठरलेलं वाक्य बंद पडलं. उतारूंना खाली कोणी माणूस बसलाय याचा पत्ताही नसायचा. पूर्वी बोट सुटली की अख्ख्या काठाला ऐकू जायचं की मिस्तरी कामावर आला. आता तो आला काय, गेला काय.

अशात एका सकाळी जाळं अडकलं. बोट भर नदीत, उतारू भरलेले. बुड्याने कमरेला दोर बांधला, खालच्या खोलीच्या तोंडाशी आला आणि वाकून म्हणाला, "दादा, चावी दे."

मिस्तरीने वर पाहिलं. भावाच्या मागे उतारूंची डोकी दिसत होती.

"माझ्याकडे चावी मागतोस?" तो म्हणाला. त्याचं म्हणणं म्हणजे जाहीर सभा. "आजवर कधी काही विचारलं नाहीस, आणि आज चावी? भरवसा नाही माझ्यावर?"

"तसं नाही रे दादा. बाईंनी सांगितलंय ना..."

"बाई काल आल्या! इतकी वर्षं पाण्याखाली तुला कोणी सांभाळलं? बाईंनी?"

कोणीतरी उतारू फिसकन हसला. बुड्याही ओशाळून हसला, मान हलवली आणि चावीशिवाय पाण्यात गेला. मिस्तरीने खटका फिरवला, चावी काढून स्वतःच्या मुठीत धरली आणि नेहमीसारखा पाय पसरून बसला. धाकटा वर येऊन थाप मारेपर्यंत त्याने मूठ उघडली नाही.

घरी आल्यावर जेवताना तो बायकोला म्हणाला, "आज धाकट्याने चारचौघांत माझी लाज काढली. मला चावी मागतो!"

"मागितली तर द्यायची," ती म्हणाली. "एवढीशी चावी ती. त्यात कसला कमीपणा?"

"तुला नाही कळायचं."

"नाही कळत बाई. पाण्यात तो उतरतो, तुम्ही नाही."

यावर मिस्तरी दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, भावाशीही नाही. तिसऱ्या दिवशी बुड्या मधल्या खिडकीतून डोकावला आणि म्हणाला, "चुकलं दादा. पुन्हा नाही मागायचो." झालं, मिटलं. भाऊ भावाशी बोलायला लागला, वाट्या इकडून तिकडे गेल्या, आणि बुड्याने त्यानंतर चावी कधीही मागितली नाही. मिस्तरी दर वेळी खटका फिरवी, चावी मुठीत घेई. जुनी रीत नव्या बोटीवर छान चालली होती, असं त्याला वाटत होतं.

पण रीत काही त्याच्या हातात नव्हती, ती त्याच्या कानात होती.

पावसाळा सरून नदी नुकती निवळली होती. दुपारची फेरी. मागून कोणीतरी ओरडलं की पंख्यात जाळं आलं. कप्तानाने दांडा मधोमध आणला. बोट थांबली. मिस्तरी त्या वेळी पडद्यावरचे आकडे बघत होता. एक आकडा पिवळा होऊ की नको करत होता, आणि तेवढ्यात बोट थांबल्याचं त्याला जाणवलं. त्याच्या कानांनी इतक्या वर्षांचं काम केलं. कुठेही आवाज नाही, म्हणजे बंद आहे. तो आकडे सोडून उठला, कपाटासमोर आला आणि पाय पसरून बसला. समोर कोणी येऊ नये म्हणून. लाल चावी त्याच्या डोक्यामागे खटक्यात तशीच होती.

वर बुड्याने क्षणभर वाट पाहिली असेल, नसेल. खालून हाक नाही, आवाज नाही. तो पाण्यात गेला.

कप्तान आपल्या केबिनच्या खिडकीतून मागे बघायला वाकला. खाली मिस्तरी आहे, चावी निघाली असणार, असंच तोही धरून चालला होता. वाकताना त्याचं कोपर दांड्याला लागलं. जरासंच लागलं. पंखा पुरता फिरलासुद्धा नाही.

किंकाळी मिस्तरीला ऐकू आली नाही. त्याला वरच्या फळ्यांवर पळणारे पाय दिसले. मग त्याने मान वळवली, चावी पाहिली, आणि ती उपटून काढली. पाण्यातून भावाला वर ओढलं तेव्हा ती मिस्तरीच्याच हातात होती. बुड्याच्या उजव्या हाताचा पंजा मनगटापासून गेला होता.

चौकशी कंपनीच्या कचेरीत झाली. टेबलामागे कंपनीची तीन माणसं, टेबलाच्या कडेला शिकवणाऱ्या बाई. बाहेर बाकावर बुड्या बसला होता, हात गळ्यात बांधलेला. मिस्तरीला आत बोलावलं. दार लोटलं, पण नीट बसलं नाही.

"पाण्यात उतरण्याआधी त्याने तुमच्याकडे चावी मागितली?"

मिस्तरीच्या डोळ्यांसमोर त्या वेळी काय आलं, ते त्याने पुढे बायकोला सांगितलं. दोन घरं आली. दोन्ही भाऊ घरी बसले तर दोन्ही चुली विझणार. एकाची नोकरी राहिली तर एक तरी दोघांना धरेल. हे सगळं आलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्याच्याआधी खालची खोली आली असणार, हेही मी सांगतो. खोली नाही तर मिस्तरी नाही, आणि मिस्तरी नाही तर उरतो तो कोण, हे त्याला तोवर कळलेलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "मागितली नाही."

"नियम त्याला माहीत होता?"

"होता. बाईंनी सगळ्यांकडून वदवून घेतला होता."

यात शब्दही खोटा नव्हता. टेबलामागच्या माणसांनी माना डोलावल्या. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "एक विचारू? याआधी त्याने कधी तुमच्याकडे चावी मागितली होती का?"

टेबलावर पाण्याचा पेला झाकून ठेवला होता. मिस्तरी त्या झाकणाकडे बघत राहिला.

"आठवत नाही," तो म्हणाला.

तो आपल्या मते हळूच म्हणाला. पण त्याचं हळू म्हणजे किती हळू, ते बायको सांगतच होती. लोटलेल्या दारातून ते बाहेर बाकापर्यंत गेलं.

मग बुड्याला आत घेतलं. जाताना दोघे दारात समोरासमोर आले. बुड्या बाजूला झाला, थोरल्याला वाट दिली. आत त्याला विचारलं, "चावी का नाही मागितलीस?"

"विसरलो," बुड्या म्हणाला.

बाईंनी त्याला दोनदा विचारलं. तो दोन्ही वेळा तेच म्हणाला. नियम मोडल्याचा दोष त्याच्या माथी बसला आणि त्याला घरी पाठवलं. कप्तानाला ताकीद मिळाली. कोपराला दुसरं काय देणार? मिस्तरी दुसऱ्या दिवशी कामावर गेला. खालची खोली होती तिथेच होती, आकडे हिरवे होते.

त्या रात्री बायकोने त्याला जेवायला वाढलं आणि समोर बसली.

"आठवत नाही म्हणालात?"

त्याने भाकरी मोडली.

"मला आठवतंय. इथेच बसला होतात. याच ताटावर."

"मग काय दोघांनीही घरी बसायचं होतं?" मिस्तरी ओरडला. "मी आहे म्हणून त्याचंही घर चालेल. कळतंय का तुला काही?"

"हळू बोला," ती म्हणाली. "भिंतीपलीकडे जातं."

भावाचं घर चालवायची संधी काही त्याला मिळाली नाही. बायकोने भाजी केली की एक वाटी खिडकीत ठेवायची. पूर्वी वाटी रिकामी परत यायची नाही, काही ना काही असायचंच तिच्यात. आता ती परतच येईना, कारण कोणी उचलेचना. संध्याकाळी भाजी तशीच, वर पापुद्रा धरलेली. काही दिवसांनी वाटी ठेवायला गेली, तर खिडकीत लाकूड दिसलं. पलीकडून कपाट सरकवून लावलं होतं. जाऊ रस्त्यात भेटली की बोलायची, तब्येत विचारायची. भाऊ बोलायचा नाही. शिवीगाळ केली असती, अंगावर धावून आला असता, तर मिस्तरीने पाय धरले असते. पण बुड्याने त्याला तेवढंही काही दिलं नाही.

पुढे पलीकडच्या काठावर हायड्रोजनचं केंद्र झालं. टाक्या, कुंपण, फाटक. समुद्रापर्यंत जायची नवी बोट तिथूनच गॅस भरणार होती, ट्रकही तिथेच थांबणार होते. त्या बाई तिथे साहेब झाल्या, आणि त्यांनी बुड्याला फाटकावर घेतलं. आत येणाऱ्या प्रत्येकाकडून काडेपेटी, फोन, सगळं काढून घ्यायचं, हे त्याचं काम. लोक सांगायचे की एका हाताने करतो, पण मंत्र्याचाही खिसा सोडत नाही. नव्या बोटीवर माणसंही नवीच येणार होती, शिकून तयार झालेली. आणि वर्षभराने तिच्यासारखीच, या दोन काठांनाही थांबणारी दुसरी आली की मिस्तरीच्या बोटीवरची खालची खोलीही बंद होणार, असं कंपनीने कळवून टाकलं. ज्या खोलीसाठी भाऊ विकला, ती असे चार पावसाळेसुद्धा टिकायची नव्हती. मिस्तरीने हे ऐकलं आणि चहावाल्याला म्हणाला, "बरं झालं." काय बरं झालं, ते काही बोलला नाही.

बुड्या कामावर जायचा तो पुलावरून, बसने, लांबच्या लांब वळसा घालून. समोर धक्का, समोर बोट, दहा पावलांवर घर. पण तो बोटीत पाय ठेवत नव्हता.

मग एका सकाळी पूल दुरुस्तीसाठी बंद झाला.

सगळा गाव धक्क्यावर लोटला. मिस्तरी गर्दी आवरायला वर आला होता. रांगेत त्याला भाऊ दिसला, डबा बगलेत धरलेला. माणसं फळीवरून बोटीत चढत होती. बुड्याची पाळी आली. तो फळीच्या अलीकडे थांबला. मागचे ढकलायला लागले, "अहो चला की!" तो हलला नाही. त्याने फळीखालच्या पाण्याकडे पाहिलं, बोटीच्या मागच्या टोकाकडे पाहिलं, आणि मग मिस्तरीकडे पाहिलं.

डबा खाली ठेवून त्याने डावा हात पुढे केला.

"मिस्तरी," तो म्हणाला, "चावी."

आईच्या मांडीवर होता तेव्हापासून तो याला दादा म्हणत आला होता.

मिस्तरी खाली गेला. खटका फिरवला, चावी काढली, वर आला, आणि सगळ्या गर्दीदेखत ती भावाच्या तळहातावर ठेवली. बुड्याने चावी गळ्यात घातली, डबा उचलला, फळी ओलांडून बोटीत आला, बाकावर बसला. मग चावी काढून शेजारच्या माणसाकडे दिली. "त्यांना द्या." चावी हातोहात मिस्तरीपर्यंत आली आणि बोट सुटली. नदी ओलांडेपर्यंत बुड्या काठाकडे बघत होता.

पलीकडच्या धक्क्याला बोट लागली. उतारू उठले. बुड्या बसून राहिला. मिस्तरीने या वेळी हाक यायची वाट पाहिली नाही, तो आपणहून चावी घेऊन वर आला आणि पुढे केली. बुड्याने ती घेतली, गळ्यात घातली, उतरला. धक्क्यावर दोर बांधायचा लोखंडी खुंट होता, त्यावर त्याने चावी ठेवली आणि मागे न बघता फाटकाच्या दिशेने चालू लागला.

मिस्तरी बोटीतून उतरला आणि चावी उचलायला वाकला. एक तरुण उतारू गंमत बघत उभा होता.

"काय हो," तो हसत म्हणाला, "भरवसा नाही वाटतं त्यांचा तुमच्यावर?"

मिस्तरीने चावी शर्टाला पुसली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज इतका हळू निघाला की त्या पोराला दोनदा विचारावं लागलं.

"नियमच आहे तसा," तो म्हणाला.